स्वस्त बीअरची चव ठरवतो कोण?

उल्हासनगर, प्रतिनिधी : संध्याकाळी शहाड स्थानकात लोकल रिकामी होते आणि गर्दीचा एक लोंढा उल्हासनगर कॅम्प १ च्या दिशेने वळतो. कारखान्यांतील पाळी संपवून आलेले, मुंबईतील दुकानांत दिवसभर उभे राहिलेले, फर्निचरच्या आणि कपड्याच्या व्यापारातले असे सर्व प्रकारचे लोक त्यात असतात. यांतील काही पावले वाटेतल्या बीअर शॉपीसमोर थबकतात. काउंटरवर ऐकू येणारे प्रश्न मोजून तीन. स्ट्राँग आहे का, थंड आहे का आणि कितीला? बाटलीतील पेय चवीला कसे आहे, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही आणि विचारला तरी दुकानदारापाशी त्याचे उत्तर नसते.

ब्रिटनमध्ये सुपरमार्केटांच्या स्वतःच्या छापाच्या स्वस्त बीअरचे डबे आणून, ते चाखून त्यांना गुण देण्याचा वृत्तपत्रांचा उद्योग जुना आहे. आपल्याकडे तसा प्रयोग करायचा म्हटले, तर पहिली अडचण सुपरमार्केटपाशीच येते. महाराष्ट्रात किराणा सामानाच्या फळीवर बीअर मिळत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढे रण माजले ते सर्वांना आठवत असेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षात असलेल्या भाजपने सरकारला धारेवर धरले, हरकती मागविण्यात आल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये राज्यात सत्तांतराची घडामोड झाली. तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या निर्णयात बीअर नव्हतीच. द्राक्ष बागायतदाराचे नाव पुढे करून वाईनची बाजू तरी मांडता येत होती. सातूच्या माल्टपासून बनणाऱ्या बीअरसाठी असा वकील कोणी पुढे आला नाही.

सीमेपलीकडे गोव्यात चित्र निराळे आहे. तेथे परवानाधारक सुपरमार्केटमध्ये बिस्किटांच्या पुढच्या फळीवर बीअर दिसते आणि तिच्यावरील करही महाराष्ट्राच्या तुलनेने हलका असतो. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या नाक्यांवर गोवा बनावटीचे मद्य पकडल्याच्या बातम्या येत राहतात, त्याचे कारण या तफावतीत आहे.

नशेचा भाव

तेव्हा कॅम्प १ मधील ग्राहक बीअर निवडतो ती बीअर शॉपीच्या शीतकपाटाच्या काचेतून आणि ती निवडताना त्याच्या मनात एक हिशेब चाललेला असतो. हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे.

राज्य सरकारने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली. त्या वेळी जाहीर झालेल्या दरांनुसार १८० मिलीच्या देशी दारूची किमान किंमत ८० रुपये, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गातील मद्याची १४८ रुपये आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५ रुपये झाली. ४२.८ टक्के ही प्रचलित तीव्रता धरली, तर अशा प्रत्येक ‘क्वार्टर’मध्ये सुमारे ७७ मिली शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे एका मिली मद्यार्काला देशीत एक रुपया चार पैसे, ‘महाराष्ट्र मेड’मध्ये एक रुपया ९२ पैसे आणि विदेशीत दोन रुपये ६६ पैसे पडतात.

आता बीअर. हिशेबापुरती ६५० मिलीची स्ट्राँग बाटली १८० रुपयांची धरली आणि तिच्यात कमाल आठ टक्के मद्यार्क आहे असे मानले, तर तो भरतो ५२ मिली. एका मिलीला साधारण साडेतीन रुपये. पाच टक्क्यांची माइल्ड बाटली १७० रुपयांना धरली, तर तोच भाव सव्वापाच रुपयांच्या घरात जातो. देशीच्या पाचपट!

ज्याला केवळ नशा विकत घ्यायची आहे, त्याच्या दृष्टीने बीअर हा महागडा सौदा आहे आणि माइल्ड बीअर तर निव्वळ चैन. देशात खपणाऱ्या दर पाच बाटल्यांपैकी निदान चार स्ट्राँग असतात, हे कोडे येथे उलगडते. भारतीयांना कडक चवच आवडते, असे उद्योगातील मंडळी सांगत असतात. त्यात तथ्य असेलही. पण ज्या ग्राहकाला दहा-वीस रुपयांच्या फरकात दीडपट मद्यार्क मिळतो, त्याच्या आवडीचा निवाडा चवीवरून करणे धाडसाचे ठरेल.

सरकारलाही हा हिशेब ठाऊक आहे. मद्यार्काच्या प्रमाणाच्या तुलनेत बीअरवरील कर अधिक असल्याने ग्राहक तीव्र मद्याकडे वळतो आणि बीअरपासून मिळणारा महसूल घटतो, अशी तक्रार उद्योगाने केल्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अपर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमण्यात आला. ‘सरकार बीअर स्वस्त करणार’ अशा मथळ्यांनी तेव्हा चांगलीच खळबळ उडवली. पुढे जून २०२५ च्या वाढीतून बीअर आणि वाईन यांना वगळण्यात आले. बीअर स्वस्त झाली नाही, पण शेजारची बाटली महाग झाल्याने दोघींमधील अंतर कमी झाले. बीअरवरील कर उतरविण्याचे राजकीय धाडस न करता साधलेला हा मध्यममार्ग म्हणावा लागेल. वाढीतून अपेक्षित होते ते वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये. मद्य वस्तू आणि सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने राज्याच्या हाती उरलेल्या मोजक्या दुभत्या गाईंपैकी ही एक.

पेल्यात काय असते?

चवीकडे वळायचे, तर स्वस्त बीअरविषयी पसरलेले काही समज आधी दूर सारावे लागतात. त्यांपैकी सर्वांत चिवट समज ‘ग्लिसरीन’चा. उघडलेली बाटली पाण्याच्या पेल्यात उपडी धरली की तळाशी तेलकट रेघा उतरताना दिसतात. ते ग्लिसरीन गेले आणि आता बीअर ‘शुद्ध’ झाली, असे मानणारे सर्व थरांत आढळतात. त्यामागचे शास्त्र साधे आहे. तयार बीअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली उतरते आणि पाणी बाटलीत चढते. ग्लिसरीन म्हणजे ग्लिसरॉल आंबवण्याच्या क्रियेत अल्प प्रमाणात आपोआप तयार होते. ते निवडून काढणारी ही युक्ती नव्हे. तिने फार तर बीअरमध्ये पाणी मिसळते.

बीअर पारखणारे जाणकार बाटलीचे लेबल झाकतात, स्वच्छ काचेच्या पेल्यात थोडीशी ओततात आणि ती फार गार असू नये याची काळजी घेतात. सात ते दहा अंश तापमानात वास आणि चव उमलते. त्याखाली जीभ बधिर होते. मग दोष शोधले जातात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बीअरला हवा लागली आहे किंवा ती जुनी झाली आहे. लोण्यासारखा वास यीस्टचे काम पुरते होऊ न दिल्याची खूण. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास माल्ट उकळण्यातील उणीव दाखवतो. हिरव्या बाटलीला ऊन लागले, तर हॉप्समधील कडवट द्रव्ये बिघडून उग्र दर्प येतो. तपकिरी काच त्यापासून बरेच संरक्षण देते. दिसायला ऐटबाज असलेली हिरवी बाटली उन्हाच्या बाबतीत साध्या तपकिरी बाटलीपुढे कमी पडते, ही गंमतच.

स्वस्त स्ट्राँग बीअरची कसोटी याहून वेगळ्या ठिकाणी लागते. माल्ट महाग असल्याने त्याच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरली जाते. तांदूळ आणि मका यांत गैर काही नाही. जगातील अनेक नामांकित लागर त्यांवर उभ्या आहेत. मात्र साखरेच्या बळावर मद्यार्क आठ टक्क्यांकडे चढवला, की अंगाने पातळ आणि घशाशी जळजळणारे पेय तयार होते. हा जळजळीतपणा लपवायचा एकच स्वस्त उपाय आहे आणि तो म्हणजे बर्फासारखी गार बाटली. काउंटरवरचा दुसरा प्रश्न, ‘थंड आहे का?’, असा येतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो शरीराचा प्रश्न असतोच, पण चवीचाही असतो. म्हणूनच कमाल विक्री किमतीवर ‘कूलिंग’चे म्हणून पाच-दहा रुपये मागणाऱ्या दुकानदाराला ग्राहक निमूटपणे ते देतो. छापील किमतीहून एक रुपयाही जास्त घेणे बेकायदा आहे, हे दोघांनाही माहीत असते.

लेबल वाचून फारसे हाती लागत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे मद्यपेयांविषयीचे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांनुसार पाच टक्क्यांपर्यंतची बीअर माइल्ड आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. बाटल्यांवर बहुधा ‘८ टक्क्यांहून अधिक नाही’ असा मोघम मजकूर असतो. आत साडेसहा आहे की पावणेआठ, हे त्यातून समजत नाही. उत्पादनाची तारीख तेवढी निश्चित असते आणि लेबलावरील सर्वांत उपयोगी माहिती तीच. बीअर ताजी असतानाच बरी लागते. महागड्या जुन्या बाटलीपेक्षा स्वस्त पण महिन्याभरापूर्वीची बाटली चवीला सरस ठरू शकते. नकली मालाच्या ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावून स्वतःवर विनोद करणाऱ्या या शहराला लेबल निरखण्याची सवय नाही असे कोण म्हणेल? बीअरच्या बाटलीवरील तारीख मात्र येथेही क्वचितच पाहिली जाते.

स्पर्धा होती कुठे?

चांगली चव हवी असेल, तर उत्पादकांत स्पर्धा हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिलेल्या आदेशाने या समजुतीलाच धक्का दिला. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि तेव्हाची सॅबमिलर, म्हणजे आजची एबी इनबेव्ह, यांनी २००९ ते २०१८ या काळात संगनमत केल्याचा ठपका आयोगाने ठेवला आणि एकूण ८७३ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. गुन्ह्याची माहिती स्वतःहून देणाऱ्या एबी इनबेव्हला दंडातून पूर्ण सूट मिळाली. अनेक राज्यांत किमती ठरवताना आपसांत बोलणी झाल्याचा निष्कर्ष त्यात होताच. महाराष्ट्राच्या बाबतीत पुरवठा रोखणे आणि बाजारपेठ वाटून घेणे हेही त्यात नोंदले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने कंपन्यांची अपिले फेटाळली आणि वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पायरीवर गेला.

याचा अर्थ असा, की त्या दशकात कॅम्प १ मधला ग्राहक किंगफिशर स्ट्राँग, हेवर्ड्स ५००० आणि टुबोर्ग स्ट्राँग यांपैकी एकीवर बोट ठेवत होता, तेव्हा काचेआड दिसणारी चुरस बरीचशी रंगीत लेबलांची होती. किमतीत सरकारचा वाटा मोठा आणि उरलेल्यात कंपन्यांची समजूत. अशा बाजारात अधिक माल्ट घालून चांगली बीअर काढणाऱ्याला बक्षीस कोण देणार?

चवीची चर्चा ज्या बीअरभोवती होते ती वेगळीच. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलली’ सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरी हा प्रकार राज्यात रुजला. तेथे पेल्यात ताजी बीअर येते आणि ती कशापासून बनली हे वाढणारा सांगतो. तिचा भाव मात्र कामगाराच्या दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहावा लागतो. परमिट रूममध्येही बाटली स्वस्त राहिलेली नाही. तेथील मूल्यवर्धित कर नोव्हेंबर २०२३ पासून पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. बीअर शॉपीत बसून पिण्यास परवानगी नाही, सार्वजनिक जागी पिणे गुन्हा आणि वन रूम किचनच्या घरात आई-वडील, मुले. उरते ते आडोशाचे ठिकाण. तेथे पेला नसतो, उजेड नसतो, वेळ नसतो. बाटली थंड आहे तोवर ती रिकामी करायची असते. पोलिसाची शिट्टी कानांवर येण्याआधी संपवायच्या पेयात माल्टचा गोडवा शोधणार कोण?

बीअर कोठेही सहज मिळावी, असा याचा निष्कर्ष काढणाऱ्यांना याच शहरातील गृहिणी दुसरी बाजू ऐकवतील. दाट वस्ती, खाली दुकान आणि वर घर अशी येथील रचना आहे; दुकानासमोरच्या गर्दीतून मुलींना शिकवणीला जावे लागते. मार्च २०२५ मध्ये उत्पादन शुल्क खाते सांभाळणारे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बीअर शॉपी किंवा दारूचे दुकान उघडण्यासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचे करण्याची घोषणा विधिमंडळात केली, तिचे स्वागत झाले ते यामुळेच. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, तेही विसरता येत नाही. परवडणारी वैध बाटली हातची गेली की गरीब माणूस कोठे जातो, याचे ते उत्तर होते.

अशा परिस्थितीत अभ्यासगटापुढचा प्रश्न बीअर किती रुपयांनी उतरवावी एवढाच नव्हता. कर मद्यार्काच्या प्रमाणात बसवला, तर माइल्ड बाटली स्ट्राँगपेक्षा ठळकपणे स्वस्त होऊ शकते. लेबलावर नेमकी टक्केवारी छापण्याची सक्ती करायला तर महसुलातला एक पैसाही सोडावा लागत नाही. तूर्त शहाडच्या बाजूच्या शीतकपाटांत दोन्ही बाटल्या दहा-वीस रुपयांच्या अंतराने शेजारी उभ्या असतात आणि काळ्या पिशवीतून बाहेर पडते ती बहुतेक वेळा स्ट्राँगच.