बाटलीवरचा आकडा म्हणजे इतिहास नव्हे

१/ "बारा वर्षांखालची सिंगल मॉल्ट घेऊ नये, आणि भारतीय तर मुळीच नको, स्कॉटलंडला इतिहास आहे!" कुरुंदवाडातील एका बैठकीत नुकतेच ऐकलेले हे मत. बखर जुनी आहे म्हणून आपण ती डोळे झाकून स्वीकारत नाही. मग बाटलीच्या लेबलाला ही सवलत कशासाठी?

२/ आधी व्याख्या. 'सिंगल' म्हणजे एकाच भट्टीची. 'मॉल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. स्कॉच म्हणवण्यासाठी स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवणे आणि किमान ४० टक्के मद्यार्क असणे आवश्यक. 'ब्लेंडेड मॉल्ट' ही निराळी वस्तू: तीत अनेक भट्ट्यांचे मॉल्ट एकत्र असतात.

३/ आता '१२'. हा आकडा बाटलीतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो. पिंप कसले होते, चव कशी आहे, याविषयी तो मौन पाळतो. गडद रंगही साक्षीदार म्हणून कच्चाच. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्यास नियमांची मुभा आहे.

४/ शिवाय हवामान. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. बंगळूर-गोव्याकडे १० टक्के किंवा त्याहूनही अधिक. १० टक्के धरले तरी बारा वर्षांनी पिंपात चौथ्या हिश्शाहून जेमतेम अधिक उरेल. उष्णतेत मुरण्याचा वेगही वाढतो. म्हणून स्कॉटलंडची मोजपट्टी येथे लावणे हा कालविपर्यासासारखाच दोष, फक्त स्थळाचा.

५/ 'भारतीय नको' या मताला मात्र एक कारण आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारा बराच माल उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर बेतलेला असतो. युरोपीय संघ त्याला व्हिस्की मानत नाही. शिरोळ तालुक्याला मळी काय ते समजावण्याची गरज नाही! पण २००४ साली ग्लासगोत उतरलेली बंगळूरची 'अमृत' किंवा कुंकळ्ळीची 'पॉल जॉन' ही सातूचीच सिंगल मॉल्ट आहे. दोन्हींना एकाच तराजूत घालणे हा अभ्यासाचा आळस.

६/ मुळात ही प्रतिष्ठा आली कोठून? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचे गाळप सरकारी मुठीत गेले. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. साहेबाचा पेला सभ्य ठरला, आदिवासींचे मडके गुन्हा ठरले. 'भारतात बनलेले विदेशी मद्य' हा विचित्र शब्दप्रयोग आजही त्याच उतरंडीची खूण मिरवतो.

७/ म्हणून घेताना क्रमाने पाहा: 'सिंगल मॉल्ट' हे शब्द, भट्टीचे नाव, मद्यार्काचे प्रमाण, पिंपाचा प्रकार, रंग नैसर्गिक असल्याचा उल्लेख. किंमत आणि खोका शेवटी. शक्य असेल तर आधी एक पेग चाखा, मग बाटली घ्या.

८/ कायदाही वाचा. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे: पिण्यासाठी परवाना लागतो, वयाची अट २५ आहे, आणि गोव्याची बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे.

९/ न पिणाऱ्याचे काहीच अडत नाही. पिणाऱ्याने मात्र आपली आवड आपल्याच जिभेवर ठरवावी. दीडशे वर्षांपूर्वीच्या अबकारी खात्यावर नव्हे. बहुत काय लिहिणे?