सूर्य सर्वांचा, छप्पर कोणाचे?

शहरातील सुखवस्तू वर्गाला अलीकडे ‘स्वयंपूर्ण घरा’ची ओढ लागली आहे. शहरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर, एखाद्या डोंगरउतारावर, एक-दोन एकर जमीन घ्यावी. छपरावर सौर पॅनेल, एका खोलीत बॅटऱ्यांची रांग, अंगणात कूपनलिका, पागोळ्यांचे पाणी साठवणारी टाकी, न्हाणीघराला सौरबंब आणि स्वयंपाकाला गोबरगॅस अशी सिद्धता करावी. मग वीजमंडळाचे बिल नको, नगरपालिकेचा नळ नको आणि सिलिंडरची वाट पाहणेही नको. असे घर उभारणारा गृहस्थ पाहुण्यांना अभिमानाने सांगतो की, आता आमचे कोणावाचून अडत नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतील बायका एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडे घेऊन झरा शोधत असतात, हे सांगायचे मात्र राहून जाते.

या घरातील यंत्रे खोटी नाहीत. सौर विजेला नाके मुरडणे हे समाजवादी विचाराचे लक्षण होऊ शकत नाही. प्रश्न आहे तो या यंत्रांभोवती उभ्या केलेल्या तत्त्वज्ञानाचा. त्यासाठी प्रथम साधा हिशेब करावा. शीतपेटी, पाण्याचा पंप, पंखे आणि दिवे असलेल्या घराला दिवसाला आठ युनिट वीज लागते असे धरू. एक किलोवॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देते; म्हणजे दोन किलोवॉट पुरावेत. परंतु आषाढ-श्रावणात आभाळ भरून येते, उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली जाते. म्हणून पॅनेल दुप्पट घ्यावे लागते. सलग तीन दिवस ऊन पडले नाही तरी दिवा विझू नये, तर चोवीस युनिटांचा साठा हवा. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याहून अधिक रिकाम्या केल्या तर लवकर निकामी होतात, म्हणून त्याही दुप्पट घ्याव्या लागतात आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात. आणि चैत्र-वैशाखात काय होते? तेच पॅनेल गरजेच्या दुप्पट वीज निर्माण करते. घ्यायला कोणी नसल्यामुळे ती वाया जाते. पायथ्याच्या वाडीत अंधार आणि माथ्यावर फुकट जाणारी वीज, याला स्वयंपूर्णता म्हणतात!

हीच व्यवस्था वीस घरांनी मिळून केली असती तर चित्र पालटले असते. वीस घरांचे पंप एकाच क्षणी चालत नाहीत. एकाची गरज वाढते तेव्हा दुसऱ्याची उतरलेली असते. म्हणून सामायिक साठा वीस वेगवेगळ्या साठ्यांच्या बेरजेपेक्षा कमी पुरतो. सहकार हा केवळ नीतीचा पाठ नाही, तो काटकसरीचाही पाठ आहे. वेगळे होण्याची किंमत मोठी असते आणि ती ज्याला परवडते तोच वेगळा होतो.

पाण्याचा हिशेब याहून बोलका आहे. एक हजार चौरस फूट छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३ हजार लिटर पाणी पडते. गळती आणि नासाडी वजा जाता ७५ हजार लिटर हाती लागते असे मानू. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरांचे प्रमाण ठरवले. त्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबाला आठ कोरड्या महिन्यांसाठी ६६ हजार लिटर पुरतात. म्हणजे बंगल्याचे भागले. परंतु अडीचशे चौरस फुटांच्या झोपडीच्या छपरावर याच पावसातून हाती लागणारे पाणी त्याच प्रमाणात जेमतेम सव्वादोन महिने पुरते, तेही साठवायला टाकी असेल तर. ऊन आणि पाऊस जातपात व मिळकत पाहून पडत नाहीत हे खरे. परंतु ते झेलणारे छप्पर मालमत्तेच्या मापाचे असते. ज्याला छप्परच नाही, किंवा जो भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्या वाट्याला सूर्य येतो तो फक्त डोक्यावर.

सरकारी धोरणानेही हीच विषमता पक्की केली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘सूर्यघर’ योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरले. परंतु अर्जदाराचे घर स्वतःचे हवे, छप्पर योग्य हवे आणि वीजजोडणी आधीपासून हवी. याउलट २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत ज्या दुर्गम घरांपर्यंत तारा पोहोचणार नव्हत्या त्यांच्यासाठी ठरला तो दोन-तीनशे वॉटचा संच: पाच दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. सहाव्या वर्षी बॅटरी बसली की काय करायचे, हे त्या आदिवासी कुटुंबाने ठरवावे. एकाला तारेपासून दूर राहणे ही हौस आहे. दुसऱ्याला ती शिक्षा आहे. दोन्हींना एकच गोंडस नाव दिल्याने त्या एक होत नाहीत.

हा फरक गरिबांना विद्वानांच्या आधी कळला. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात २०१४ साली एका पर्यावरणवादी संस्थेने शंभर किलोवॉटचा सौरप्रकल्प उभारला. उद्घाटनाला माजी मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे मागितली ती ‘असली’ वीज: शीतपेटी चालवणारी आणि सरकारी दराने मिळणारी. पुढे तारेची वीज आली आणि सौरप्रकल्प मागे पडला. यावर गावकऱ्यांच्या अज्ञानाची कीव करणारे लेख लिहिले गेले. वास्तविक त्यांनी अर्थशास्त्राचा अचूक प्रश्न विचारला होता: शहरवाल्याला हवी तेवढी वीज आणि आम्हाला मोजून-मापून, तीही महाग, असे का?

मग दुर्गम भागात स्थानिक वीज नकोच काय? हवी, परंतु ती कोणाच्या मालकीची आणि कोणाच्या निर्णयाची, हे आधी ठरले पाहिजे. याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले होते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या बिलगाव या आदिवासी गावाने २००३ साली उदई नदीच्या धबधब्यावर पंधरा किलोवॉटचे लहानसे जलविद्युत केंद्र उभारले. केरळातून आलेल्या तरुण अभियंत्यांनी तंत्र दिले, नर्मदेच्या चळवळीने संघटन दिले आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. दगड त्यांनी वाहिले, बांध त्यांनी घातला. घरे उजळली, आश्रमशाळेत दिवा लागला. २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची १२१.९२ मीटरपर्यंत गेली आणि त्याच पावसाळ्यात हे केंद्र पाण्याखाली गेले. सरदार सरोवराची वीजक्षमता १,४५० मेगावॉट. त्यातील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्या वाट्यासाठी बिलगावाने आपले पंधरा किलोवॉट गमावले. स्वावलंबनाची स्तोत्रे गाणाऱ्यांनी या बुडालेल्या केंद्राला त्यात एखादे कडवे दिल्याचे ऐकिवात नाही.

पाण्याच्या बाबतीत असाच वारसा पुरंदर तालुक्यातील नायगावचा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता माणसांच्या संख्येवर वाटायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकर, भूमिहीनालाही हिस्सा, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आज सौरपंपांचा गाजावाजा चालू आहे. पंपाला वीजबिल नसल्याने तो दिवसभर चालवायला कोणाचा हात अडत नाही. वीज फुकट झाली म्हणून भूजल फुकट होत नाही. शेजाऱ्याची विहीर मात्र आटते. नायगावचे नियम बाजूला ठेवून दिलेला सौरपंप म्हणजे खोल कूपनलिका घेऊ शकणाऱ्याच्या हाती दिलेले नवे हत्यार आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, श्रीमंतांनी आधी घेतले म्हणून तंत्र स्वस्त झाले. हे अर्धसत्य आहे. सौर पॅनेल स्वस्त झाली ती प्रामुख्याने जर्मनीने २००० च्या कायद्याने दिलेल्या हमीदरामुळे आणि चीनमधील सरकारपुरस्कृत प्रचंड उत्पादनामुळे. म्हणजे सार्वजनिक धोरणामुळे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सामूहिक व्यवस्था बुडतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था थकबाकीच्या डोंगराखाली दबली आणि २०११ मध्ये तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. हा पराभव झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा धडा असा की, सभासदांचे रोजचे नियंत्रण नसलेला सहकार पुढाऱ्यांची जहागीर बनतो. जहागिरीवर उपाय म्हणून प्रत्येकाने आपापली गढी बांधावी, असे मात्र त्यातून निघत नाही.

गढ्या बांधण्याचे परिणाम तारेवरही होतात. महाराष्ट्रात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आहे, कारण अधिक वीज वापरणारा अधिक दराने पैसे भरतो. तो ग्राहक व्यवस्थेबाहेर पडला की खांब, तारा व रोहित्रे यांचा स्थिर खर्च मागे राहिलेल्यांवर पडतो. गांधीजींनी ग्रामस्वराज्याचे चित्र रेखाटताना मूलभूत गरजांपुरती गावाची स्वयंपूर्णता आणि बाकीच्या बाबतीत परस्परावलंबन, असा दुहेरी विचार मांडला होता. त्यांचे एकक गाव होते. कुंपण घातलेल्या बंगल्याने त्यांचे नाव घेऊ नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव पुढील मागण्या उचलल्या पाहिजेत. दुर्गम पाड्यांना घरटी संचांऐवजी सामायिक वीजकेंद्र मिळावे आणि त्याचा दर तारेच्या दराहून अधिक नसावा. बॅटरी बदलण्याचा खर्च मूळ योजनेतच धरावा. देखभाल पाड्यातील तरुण-तरुणींना शिकवून, रीतसर वेतन देऊन करवावी. शाळा, पंचायत व बाजारसमितीच्या छपरांवरील विजेत भाडेकरू आणि भूमिहीन यांना हिस्सा मिळावा. ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडल्याशिवाय सौरपंप मंजूर होऊ नये. २००३ च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण क्षेत्रात परवान्यावाचून वीजनिर्मिती व वितरण करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्या वाटेने खासगी कंपन्या येण्याआधी गावांनी गेले पाहिजे. बिलगावच्या आदिवासींनी दगड वाहून ती वाट एकदा तयार केली होती. ती पुन्हा बांधायला तंत्र आहे, माणसे आहेत. कमी आहे ती संघटनेची.