खोकल्याच्या बाटलीवर भरवसा किती?

मुंबई, प्रतिनिधी

ऋतू पालटला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतील गर्दी वाढू लागते. या गर्दीतील बहुतेक पालकांची तक्रार एकच असते. मूल रात्रभर खोकते, स्वतः झोपत नाही आणि घरात कोणाला झोपू देत नाही. तेव्हा काही तरी औषध द्या. या मागणीत गैर काही नाही. तथापि, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे घडले, त्यानंतर या 'काही तरी औषधा'चा विचार पालक, डॉक्टर आणि सरकार या तिघांनाही नव्याने करावा लागणार आहे.

साध्या सर्दी-खोकल्यासाठी आणि तापासाठी औषध घेतलेली वीसहून अधिक बालके तेथे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांच्या आतील होती. पराशिया परिसरातील अनेक मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत हलवावे लागले आणि त्यांपैकी कित्येकांचा शेवट तेथेच झाला. या मुलांना देण्यात आलेले 'कोल्ड्रिफ' हे औषध तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलेल्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के इतके आढळले. त्याची कमाल मर्यादा ०.१ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी बाटली विषाची होती.

त्यानंतर जे होते ते सर्व झाले. राज्याराज्यांनी बंदी घातली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही संबंधित बॅचबाबत इशारा दिला. कारखान्याचा परवाना रद्द झाला, अटका झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये या औषधासह भारतात बनलेल्या आणखी दोन सिरपबाबत सावधगिरीचा इशारा प्रसृत केला. या साऱ्या गदारोळात चर्चा झाली ती प्रामुख्याने एकाच प्रश्नाची : बाटलीत विष आले कोठून? तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मात्र मागे पडला. या मुलांना त्या बाटलीची मुळात गरज होती काय?

नवे काहीच नाही

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने फार जुने आहे. लहान मुलांचे पातळ औषध तयार करताना मूळ औषधी द्रव्य विरघळवण्यासाठी ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे पदार्थ वापरले जातात. औषधी दर्जाचे हे पदार्थ महाग असतात, तर औद्योगिक वापराचे त्या मानाने स्वस्त मिळतात. या स्वस्त मालात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असू शकते. हे रसायन रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर असल्याने डोळ्यांना अथवा जिभेला त्याचा संशय येत नाही. पोटात गेल्यावर ते मूत्रपिंडांवर आघात करते. प्रथम उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी कमी होत बंद पडणे आणि पुढे शुद्ध हरपणे, असा त्याचा क्रम असतो. वजन कमी असल्यामुळे लहान मुलाला त्याची थोडी मात्राही घातक ठरते.

मुंबईकरांना हे रसायन अपरिचित नसावे. १९८६च्या प्रारंभी येथील सर जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला होता. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासन, रुग्णालयाची खरेदी आणि राजकीय हस्तक्षेप यांची लक्तरे वेशीवर टांगली. १९९८ मध्ये दिल्ली-गुडगाव परिसरात याच रसायनाने ३३ बालकांचा बळी घेतला. २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर भागात मुले दगावली, त्यामागेही खोकल्याचेच औषध होते. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूनंतर भारतीय बनावटीच्या सिरपवर ठपका आला. नमुन्यांत दोष नसल्याचे तेव्हा भारत सरकारने म्हटले होते. गांबियातील चौकशीने मात्र त्या औषधांकडेच बोट दाखवले. उझबेकिस्तानात ६८ मुलांच्या मृत्यूप्रकरणी तेथील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २३ जणांना शिक्षा सुनावली. ते औषधही भारतातूनच गेले होते.

अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनामुळे शंभरावर माणसे मेली. त्यानंतर वर्षभरात तेथे नवा औषध कायदा झाला आणि औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे उत्पादकाला बंधनकारक झाले. आपल्याकडे जे. जे. प्रकरणाला चार दशके होत आली, तरी त्याच चुकीची पुनरावृत्ती होत राहावी, हे लाजिरवाणे आहे.

परदेशी बाटलीला तपासणी, देशी बाटलीला?

गांबिया प्रकरणात देशाची नाचक्की झाल्यानंतर केंद्र सरकारने खोकल्याची औषधे निर्यात करण्यापूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेत त्यांची चाचणी सक्तीची केली. १ जून २०२३ पासून हा नियम अमलात आला. निर्णय योग्यच होता. परंतु नागपूर वा नाशिकमधील मुलासाठी विकल्या जाणाऱ्या बाटलीला अशी पूर्वचाचणी तेव्हा लागू करण्यात आली नाही. परदेशातील मुलाच्या जिवाची काळजी घ्यावी आणि घरच्या मुलाला कारखानदाराच्या सचोटीवर सोपवावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

आलेल्या कच्च्या मालाची प्रत्येक खेप वापरण्यापूर्वी तपासावी, हा नियम देशी औषधांनाही आहेच. पण काही कारखाने ही तपासणी करीतच नाहीत, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना कळवले. कांचीपुरमच्या त्या कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. इतक्या त्रुटी एका रात्रीत निर्माण होत नाहीत. त्या यापूर्वी कोणी पाहिल्या नसतील किंवा पाहूनही नोंदवल्या नसतील. दोन्ही गोष्टी सारख्याच गंभीर आहेत.

वास्तविक, यावरील उपायही जुनेच आहेत. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये भेसळयुक्त आणि बनावट औषधांच्या प्रश्नाचा सविस्तर विचार केला होता. ५० उत्पादकांमागे एक आणि २०० विक्री केंद्रांमागे एक औषध निरीक्षक असावा, राज्यांच्या प्रयोगशाळा सक्षम कराव्यात आणि देशाला एक मजबूत केंद्रीय औषध प्रशासन द्यावे, असे समितीने सुचवले होते. कारखान्याला परवाना देणार एक राज्य, औषध विकले जाणार दुसऱ्या राज्यात आणि बाधित मुलाला उपचार मिळणार तिसऱ्या राज्यात, ही छिंदवाड्याची कहाणी पाहता त्या शिफारशींचे महत्त्व आजही उणावलेले नाही.

मुळात औषध हवेच काय?

आता दुसरा प्रश्न. खोकला हा स्वतः रोग नव्हे. श्वासनलिकेतील कफ आणि जंतू बाहेर टाकण्याची ती शरीराची व्यवस्था होय. लहान मुलांमधील बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि तो आपोआप बरा होतो. निरोगी मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने सामान्य आहे. पाळणाघरात अथवा बालवाडीत नव्याने जाऊ लागलेल्या मुलांत हे प्रमाण आणखी वाढते. सर्दी ओसरली तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. 'आमचे मूल सारखेच आजारी असते' या पालकांच्या काळजीचा मोठा भाग या एका माहितीने हलका होण्यासारखा आहे.

लहान मुलांमध्ये सर्दी-खोकल्याच्या मिश्रणांचा उपयोग सिद्ध झालेला नाही; धोके मात्र ठाऊक आहेत. अतिरिक्त गुंगी, हृदयाचे ठोके वाढणे, चिडचिड आणि मात्रा चुकल्यास विषबाधा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत, असे बजावले होते. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांसाठी नाही' अशी सूचना छापण्याचा आदेश निघाला. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला हीच दोन द्रव्ये होती. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सर्वसाधारणपणे ती देणे उचित नाही, असा सल्ला जारी केला.

म्हणजेच दगावलेल्या बहुतेक मुलांना ही बाटली, ती शुद्ध असती तरीही, देण्याचे कारण नव्हते. या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे.

तरी बाटली दिली का जाते?

याचे उत्तर केवळ डॉक्टरांच्या किंवा केवळ पालकांच्या माथी मारता येणार नाही. शहरातील आई-वडील दोघेही नोकरीला असतात. मूल खोकत असले की पाळणाघर घेत नाही आणि कार्यालयात रजा मिळत नाही. घरात अनुभवी आजी असतेच असे नाही. अशा स्थितीत लवकर आराम हवा असतो आणि पैसे मोजून डॉक्टरकडे गेल्यावर हातात चिठ्ठी पडली नाही तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. बाहेर तिष्ठत बसलेल्या रुग्णांची रांग पाहता 'याला औषध नको' हे पटवण्यासाठी लागणारी दहा मिनिटे डॉक्टरकडे नसतात. औषध लिहायला अर्धे मिनिट पुरते. औषध न देणारा डॉक्टर चांगला नव्हे, या समजुतीने पालक दुसरा दवाखाना गाठतात, हेही डॉक्टर जाणून असतात. कोपऱ्यावरचा औषध दुकानदार तर अनेकदा चिठ्ठीही मागत नाही.

त्यात घरगुती चुकांची भर पडते. थोरल्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्याला दिली जाते. मापाच्या टोपणाऐवजी स्वयंपाकघरातील चमचा वापरला जातो. सर्दीच्या मिश्रणात आधीच पॅरासिटामॉल असते, हे लक्षात न घेता तापाचे औषध वेगळे पाजले जाते आणि मात्रा दुप्पट होते. दुसरीकडे 'औषध नको' म्हणून धुरी देणे, कापूर लावणे असे उपाय होतात. धुराने बाळाचा श्वास अधिक कोंडतो आणि कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना आकडी येऊ शकते. नवजात बाळाला मध चाटवण्याची प्रथाही अनेक घरांत टिकून आहे. वर्षाखालील बाळाला मधातून बोटुलिझम हा गंभीर आजार होण्याची शक्यता असल्याने ती कटाक्षाने टाळावयास हवी. वर्ष उलटलेल्या मुलाला मात्र झोपण्यापूर्वी थोडा मध दिल्यास खोकल्याची ढास कमी होते.

धोका कोठे ओळखावा?

बहुतेक खोकला निरुपद्रवी असला, तरी प्रत्येक खोकला तसा नसतो. न्यूमोनिया आजही बालमृत्यूंच्या प्रमुख कारणांत मोडतो. म्हणून खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर ते विनाविलंब डॉक्टरांना दाखवले पाहिजे. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, दूध अथवा पाणी पिता न येणे, सारख्या उलट्या, आकडी, ओठ निळसर पडणे, मूल जागे न होणे आणि लघवी कमी होणे ही सर्व रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. दोन-तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर घरी वाट पाहूच नये.

एरवी स्तनपान चालू ठेवणे, कोमट पातळ पदार्थ वारंवार देणे, चोंदलेल्या नाकात साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब घालणे, घरात धूम्रपान होऊ न देणे आणि विश्रांती एवढे पुरेसे असते. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभरातील सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळते. खोकल्याच्या बाटलीपेक्षा ती कितीतरी अधिक मोलाची आहे. डॉक्टरांना 'औषध दिले नाही तर चालेल काय?' असे विचारण्यात पालकांनी संकोच बाळगू नये आणि डॉक्टरांनीही त्या प्रश्नाचा राग मानू नये.

मात्र, पालकांच्या जागरूकतेवर सारा भार टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. सुजाण पालक बाटलीवरील मुदत वाचू शकतो, द्रव्यांची नावे पाहू शकतो, पक्के बिल मागू शकतो. बाटलीतील द्रव तपासणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम कारखानदाराचे आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या औषध प्रशासनाचे. निर्यातीच्या बाटलीसाठी २०२३ मध्ये जी तत्परता दाखवली गेली, तीच देशातील मुलांच्या औषधांबाबत कायमस्वरूपी दिसली पाहिजे. अन्यथा छिंदवाड्याचे नाव जे. जे., गुडगाव आणि रामनगरच्या यादीत जमा होईल आणि ती यादी तेथेच थांबेल, याची हमी कोणालाही देता येणार नाही.