पिरॅमिड दिसतो, पोफरण दिसत नाही

शाळांमधल्या ‘व्हर्च्युअल टूर’शी माझं भांडण साधं आहे. तिच्यात पोरांना सगळं जग दाखवतात, फक्त त्यांचं गाव वगळतात. स्मार्ट बोर्डवर गुगल अर्थ उघडायचं, गिझाचे पिरॅमिड गोल फिरवायचे, मग आयफेल टॉवर, वेळ उरला तर ताजमहाल. तास संपला. बोईसरच्या वर्गातल्या मुलीने इजिप्त बघितलं. तिच्या शाळेपासून काही किलोमीटरवर काय होतं, त्यातलं काय गेलं आणि उद्या काय जाणार आहे, हे मात्र त्या पडद्यावर आलंच नाही.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, “गरीब मुलांना घरबसल्या जग दिसतंय, त्यात तुमचं काय जातं?” काहीच जात नाही. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाला कैरोला कोण नेणार आहे? त्याला पिरॅमिड जरूर दाखवा. पण नकाशा बनवायचं साधन हातात असताना त्याला नुसतं प्रेक्षक करून बसवणं, हा त्या साधनाचा आणि त्या मुलाचा, दोघांचाही अपमान आहे.

आणि हे याच जिल्ह्यात व्हावं? इथे कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. बालवाडी पाड्यातल्या अंगणात भरली. मुलाच्या पायाखालची जमीन हाच पहिला धडा, हे त्यांना इंटरनेटशिवाय कळलं होतं. आपण मात्र फोरजी आल्यावर मुलाला कुरणावरून उचललं आणि पडद्यासमोर बसवलं.

आता पायाखाली काय आहे ते बघा. 1969 मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झालं, हे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक गाईडमध्ये सापडतं. 2005-06 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, हे किती गाईडमध्ये सापडतं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहत 93.69 गुण घेऊन देशात पहिली आली. या पहिल्या नंबराचे पेढे कुणी वाटले नाहीत. त्या वसाहतीचं सांडपाणी नवापूरकडून समुद्रात जातं. पालघरमधून रोज पाचबत्तीवरून जाणाऱ्या किती मुलांना 14 ऑगस्ट 1942 चा गोळीबार आणि त्यातले पाच हुतात्मे माहीत आहेत? एवढ्याशा पट्ट्यात दहा सहली होतील. एकीलाही विमान लागत नाही.

कॅमेऱ्याची गाडी येईल आणि आपलं गाव टिपून नेईल, या भ्रमात राहू नका. 2022 मध्ये भारतात गुगलचं स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं तेव्हा यादीत मुंबई, पुणे, नाशिकसह दहा शहरं होती. गाडी आधी बाजार असेल तिथे जाते. उपग्रह सगळीकडून जातो, पण त्याला वरून छपरं दिसतात, नावं दिसत नाहीत. पाड्याचं, खाडीच्या वळणाचं, आटलेल्या विहिरीचं नाव गावातल्या म्हातारीच्या तोंडी असतं. ती गेली की नावही जातं.

म्हणून काम मुलांनीच करायचं. आजीबरोबर गावातून चालायचं. ती जिथे थांबेल तिथे एक फोटो, एक मिनिटाचं रेकॉर्डिंग आणि तिने सांगितलेलं नाव. शाळेत येऊन गुगल अर्थच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक जागेवर खूण लावायची. खुणा ओळीने लावल्या की सहल तयार. परिसर अभ्यास हा विषय अभ्यासक्रमात आहेच, त्यामुळे ‘वेळ कुठे आहे’ ही तक्रार ऐकून घेण्यात अर्थ नाही.

फक्त कंपनीच्या भरवशावर राहू नका. शिक्षकांना सहली बनवता याव्यात म्हणून गुगलने ‘टूर क्रिएटर’ काढलं आणि 30 जून 2021 ला ते ‘एक्स्पिडिशन्स’सकट बंद केलं. साध्या फोनने गोल फोटो काढता येणारं स्ट्रीट व्ह्यू ॲपही मार्च 2023 मध्ये गेलं. फुकट मिळालेलं अंगण मालक कधीही काढून घेतो. त्यामुळे फोटो आणि आवाज शाळेच्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि रस्ते, विहिरी, पाड्यांची नावं ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. तो नकाशा कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही.

सगळंच नकाशावर टाकायचं नसतं, हेही मुलांना याच कामातून कळेल. अणुवीज केंद्राच्या कुंपणाकडे कॅमेरा वळवायचा नाही, ते प्रतिबंधित क्षेत्र आहे. डोल जाळी बांधायच्या कवी समुद्रात कुणी कुठे रोवायच्या, यावरून वसईकडच्या आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांत जुना वाद आहे. अशा जागा दाखवायच्या की नाही, हे कोळीवाड्याला विचारून ठरवायचं. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हा नागरिकशास्त्राचा चांगला तास होईल.

घाई का? कारण दुसऱ्या बाजूचे नकाशे तयार आहेत. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. प्रकल्प सुमारे 76,220 कोटींचा, समुद्रात भराव 1,448 हेक्टरचा. तुम्ही बंदराच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, तो किनारा आज जसा आहे तसा राहणार नाही, एवढं दोघांनाही मान्य करावं लागेल. बंदराच्या नकाशात धक्के, रस्ते, रेल्वे सगळं आहे. मासे कुठे सुकतात, भरती कुठवर येते, कुठल्या खडकाला काय म्हणतात, हे त्यात कोण लिहिणार? 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेनेही मच्छीमारांच्या सामाईक जागा आणि मासळी सुकवायच्या जागा नकाशावर दाखवायला सांगितलं होतं. नकाशावर नसलेली जागा सरकारदरबारी ‘मोकळी’ ठरते, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

पोफरणची अशी सहल गाव उठायच्या आधी कुणी बनवली असती, तर आज तिथल्या नातवंडांना आपलं गावठाण निदान पडद्यावर तरी चालून बघता आलं असतं. तेव्हा गावात हा फोन नव्हता. तो आज तुमच्या हातात आहे, तुम्ही हे त्याच्यावरच वाचताय. येत्या रविवारी चिंचणीला, नवापूरला किंवा वाढवणला जा. सेल्फी एकच काढा, बाकीचे फोटो नावं विचारून काढा.