घराचा नकाशा

घर पाहावे बांधून, असे म्हणतात. ज्याने ही म्हण रचली त्याच्या घरी कागद, पेन्सिल आणि खोडरबर या तीन वस्तू एकाच वेळी सापडत नसाव्यात. नाहीतर त्याने ‘घर पाहावे आखून’ असेच म्हटले असते. बांधायला पैसे लागतात, म्हणून बांधताना माणूस जपून असतो. आखायला काहीच लागत नाही. गेले आठ महिने आमच्या घरी रात्रीची ताटे उचलली की त्याच जागेवर नकाशा पसरला जातो. परवा त्यावर कोथिंबिरीचे एक पान चिकटून राहिले होते. ‘इथे झाड कधी लावलेत?’ म्हणून हिने मला खडसावून विचारले.

या सदराच्या जुन्या वाचकांना माळीवाड्यातला आमचा वाडा आठवत असेल. माळवदाचा, पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींचा. गेल्या वर्षी वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला, आणि वाट्याला आलेल्या पैशांतून मी सावेडीच्या बाजूला ४० बाय ६० फुटांचा तुकडा घेतला. म्हणजे सव्वादोन गुंठ्यांना थोडी कमीच जमीन. रस्ता पूर्वेला. सध्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघे आहोत : मी, ही आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. चिरंजीव, सूनबाई आणि नात पुण्याला, कन्या नाशिकला.

नकाशा चिरंजीवांच्या एका मित्राने काढून पाठवला. हल्लीचे नकाशे संगणकावर निघतात आणि त्यांत सोफे, कुंड्या, स्नानगृहातले टॉवेलसुद्धा दाखवलेले असतात. घरापुढे पोर्चमध्ये एक तांबडी मोटार उभी होती. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, आमची खोली, आणि मागे पश्चिमेच्या कोपऱ्यात ‘आजी’ असे लिहिलेली खोली. तिला लागूनच स्नानगृह. वर तीन खोल्या : एक चिरंजीवांची, एक नातीची, एक कन्या आणि जावईबापूंची. मी गणिताचा मास्तर. तेहतीस वर्षे मुलांकडून क्षेत्रफळे काढून घेतली, पण राहणारी माणसे किती आणि खोल्या किती, हा त्रैराशिकाचा हिशोब काही मला त्या वेळी सुचला नाही.

सल्लागारांना तोटा नव्हता. स्वयंपाकघर आग्नेयेला आणि देवघर ईशान्येला, एवढे दोन सल्ले सर्वांनी दिले. बाकीच्या सहा दिशांबद्दल प्रत्येकाचे मत निराळे होते. हिने मात्र कोणाचे न ऐकता एक चांगले काम केले. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदातून तिने घरातल्या सामानाचे तुकडे कापले. एका फुटाला पाव इंच हे माप धरून दिवाण, गोदरेजचे कपाट, शिलाईचे यंत्र, फ्रिज, जेवणाचे टेबल, सगळे. मग ते तुकडे नकाशावर ठेवून ती सरकवत बसे. दहा बाय बाराची खोली कागदावर मोठी ऐसपैस दिसते. तीत दिवाण ठेवला, कपाट ठेवले आणि कपाटाचे दार उघडायला दोन फूट सोडले, की माणसाने आडवे होऊन चालावे लागते. शिवाय नऊ इंची विटेच्या भिंती मापात बाहेरून धरल्या की आतून, हे पाहायचे राहिले, तर दर खोलीमागे दीड फूट कोठे गेला ते कळत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची तिने स्वतःच्या कोपरावरून ठरवली, नकाशातल्या आकड्यावरून नव्हे.

सर्वांत लबाड वस्तू म्हणजे जिना. दोन मजल्यांत साडेदहा फूट उंची धरली आणि पायरी सात इंचांची धरली, तर अठरा पायऱ्या येतात. मध्ये वळण घेतले तरी साडेसहा फूट रुंद आणि दहा फूट लांब जागा तो गिळतो, आणि तीही खाली-वर दोन्हीकडे. पायरी आठ इंचांची केली तर जागा वाचते, पण मग गुडघे बोलू लागतात.

नकाशे बदलण्याची मला लाज वाटेनाशी झाली ती फराहबागेमुळे. आमच्या नगरच्या आग्नेयेला (२०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर, पण आमच्या मिस्त्रीच्या तोंडी अजून नगरच) निजामशाहीतला तो अष्टकोनी महाल आहे. एके काळी त्याच्या सभोवती तलाव होता. पहिला महाल सुलतानाच्या मनास आला नाही म्हणून तो पाडून पुन्हा नव्याने बांधवला, अशी हकीकत सांगतात. आजचा महाल १५८३ साली पुरा झाला. मुर्तजा निजामशहा तेथे दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळे खेळत बसे, आणि त्या गवयासाठी त्याने बागेत वेगळा लाकडी महाल बांधून दिला म्हणतात. पाहुण्याची खोली असावी तर अशी! सुलतानाच्या खजिन्याने सोसले ते मास्तराच्या निवृत्तिवेतनाने सोसायचे नाही, हे मला कळत होते. तरीही त्या बागेत फिरून आल्यावर मी दोन खिडक्या खोडल्याच.

वैशाखात आईला घेऊन शनिशिंगणापूरला जाणे झाले. तिची भाची तेथे दिली आहे. घोडेगावाहून आत वळले की थोड्याच वेळात गाव येते. तेथल्या घरांना चौकटी असतात पण दारे नसतात, कुलपे नसतात, हे वाचकांनी ऐकलेले असेल. घराची राखण शनिदेव करतो या श्रद्धेतून आलेली ती रीत. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली तीसुद्धा कुलपावाचून. अलीकडे कोठे कोठे कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून फळी लावलेली दिसते. पण भाचीच्या घराला अजून नुसता पडदा आहे. मी मास्तरकीच्या सवयीने विचारले, ‘‘मग घरात कोण आले-गेले ते कळते कसे?’’ भाची हसली आणि उंबऱ्याशी गहू निवडत बसलेल्या आपल्या सासूकडे तिने बोट दाखवले. आई तेव्हा काही बोलली नाही. पण दुपारी माझ्या आग्रहाला न जुमानता तिने पंख्याखालची खाट सोडली आणि त्या विहीणबाईंच्या शेजारी उंबऱ्याशी जाऊन बसली ती ऊन उतरेपर्यंत.

श्रावण लागला. ‘श्रावणात पाया कसा काढता? पाऊस येईल,’ असे चिरंजीव फोनवर म्हणाले. मिस्त्रीला मी ते सांगितले, तेव्हा तो आकाशाकडे पाहून म्हणाला, ‘‘सर, नगरात?’’

चतुर्थीला त्याने आखणी केली. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून समोरचे अंतर पाच फूट भरते की नाही ते पाहिले. भरले तेव्हा म्हणाला, ‘‘कोपरा काटकोनात आहे.’’ ज्या सिद्धांताने मी तेहतीस वर्षे मुले रडवली, त्याचा उपयोग होताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. मग दोरीच्या कडेने फक्की मारली, आणि घर जमिनीवर उमटले. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. एवढेसे? ‘‘सगळ्यांना असंच वाटतं,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘आभाळाखाली घर लहान दिसतं. भिंती चढल्या की वाढतं.’’ दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी कोणी जमीन खणत नाही. कुदळ परवा.

तो मधला एक दिवस मिळाला नसता, तर आज मी हे लिहिले नसते.

पंचमीला चारच्या सुमाराला आई म्हणाली, ‘‘मला घर दाखव.’’ रिक्षाने गेलो. मी फक्कीच्या रेघा ओलांडून थेट मधोमध जाऊन उभा राहिलो. आई बाहेरच थांबली. ‘‘भिंतीतून कशी येऊ? दार कुठंय?’’ दाराची जागा दाखवली, तेव्हा तेथून ती आत आली, आणि सबंध घर ती अशीच दारादारांतून फिरली. स्वयंपाकघर तिला पसंत पडले. मग पुढच्या बाजूला येऊन तिने विचारले, ‘‘ही कुणाची खोली?’’

‘‘खोली नाही ती. गाडीची जागा.’’

‘‘कुठली गाडी?’’

‘‘पुण्याची.’’

ती काही बोलली नाही. ‘‘आणि मी?’’ म्हणाली. मी तिला मागे नेले. ही शेजारी उभी राहून सांगू लागली, ‘‘आई, तुम्हाला रात्री उठावं लागतं ना, म्हणून स्नानगृह अगदी लागून ठेवलंय. आवाज नाही, वर्दळ नाही.’’ विटांचा पहिला ट्रक येऊन पडला होता. मी चार विटा रचून दिल्या, त्यावर आई आपल्या खोलीत बसली. श्रावणातले ऊन, पण पश्चिमेचे. नेमके तिच्या तोंडावर येत होते. तिने पदर पुढे ओढला.

‘‘ही भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहील रे, चैत्र-वैशाखात,’’ ती म्हणाली. ‘‘वाड्याची भिंत निराळी.’’ खरेच होते. वाड्याच्या भिंतीला तापायलाच दिवस पुरत नसे. नऊ इंची वीट संध्याकाळपर्यंत तापते आणि नेमकी निजायच्या वेळी ती ऊब खोलीत सोडते. पश्चिमेला जिना घालावा, न्हाणी घालावी, अडगळ घालावी. माणूस घालू नये. हे कळायला संगणक लागत नाही, पण ते आम्हा कोणालाच सुचले नव्हते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘खोली चांगली आहे. आजारी पडल्यावर बरी आहे. त्याआधी मी कुठं बसू?’’

मी इकडेतिकडे पाहिले. नकाशात दिवाणखाना होता, त्यात सोफा होता. पण एवढ्या सगळ्या चौरस फुटांत आईने बसावे अशी जागा मला दाखवता येईना. वाड्यात आईला स्वतःची खोली कधीच नव्हती. पासष्ट वर्षांत नव्हती. ती ओसरीवर असे. दूधवाला, टपालवाला, शाळेतून येणारी मुले, रुसून आलेली नणंद, सगळे तिच्यावरून आत जात. शिंगणापूरला ती उंबऱ्याशी का जाऊन बसली होती, ते मला तेव्हा उमगले.

घरी येऊन मी कॅलेंडरे काढली. हिला सवय आहे, मुले येतात त्या तारखांना ती कुंकवाचे बोट लावते. गेल्या वर्षी पुण्याची मोटार आमच्याकडे अकरा दिवस होती. अकरा दिवस येणाऱ्या मोटारीला आम्ही पूर्वेची सावली दिली होती, आणि तीनशे पासष्ट दिवस राहणाऱ्या आईला पश्चिमेची भिंत.

रात्री चिरंजीवांना फोन केला. म्हटले, पोर्च काढतोय. तेथे आजीची खोली येईल, रस्त्याकडे खिडकी, बाहेर ओटा. जिना आणि न्हाणी पश्चिमेला जातील. मधल्या बोळातून न्हाणीपर्यंत तिला सात-आठ पावले चालावे लागेल, तेवढी भिंतीला कठड्यासारखी दांडी लावू. एवढ्यावर तो ‘बरं’ म्हणाला. मग मी पुढचे सांगितले. वरचा मजला आत्ता नको. कर्ज निम्मे होईल.

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘‘बाबा, म्हणजे आम्ही येणार नाही, असं धरूनच घर बांधताय का?’’

‘‘येणार आहात का?’’ मी विचारले. आठ महिने तीन खोल्या आखल्या, खोडल्या, पुन्हा आखल्या. हा प्रश्न मात्र मी त्याला केला नव्हता, आणि त्यानेही मला करू दिला नव्हता.

‘‘आत्ता काय सांगू, बाबा,’’ तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी पेपर अवघड गेल्यावर होत असे तसा झाला होता. ही उठून स्वयंपाकघरात गेली. तेथे काही काम नव्हते.

फोन आईने घेतला. ‘‘गाडी लिंबाखाली लाव,’’ ती त्याला म्हणाली. ‘‘रस्त्यावर मोठा लिंब आहे. आणि तू माझ्या खोलीत नीज. पोरगी माझ्याजवळ. बायकोला सांग, गारठा असतो, पांघरूण घेऊन या.’’

सहाव्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बदल सांगितले, तेव्हा तो रागावेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने पायानेच जुनी फक्की पुसली. खांब मात्र दोन मजल्यांचे धरू, असे त्याने आपण होऊन सुचवले. ‘‘पाया एकदाच होतो, सर. गच्चीवर सळया हातभर वर ठेवतो, सिमेंटचं पाणी फासून ठेवतो, गंजणार नाहीत. पोरं आली की चढवा.’’ त्या चार-सहा सळयांना किती खर्च येईल, तो मी विचारला नाही.

आईही आली होती. नव्या खोलीत, खिडकीच्या जागी, तिला विटांवर बसवले. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. एक उंबरा. पाय अडखळतो म्हणून हल्ली उंबरा करीत नाहीत, हे मिस्त्रीने तिला समजावून पाहिले. शेवटी अर्ध्या इंचावर तडजोड झाली. दुसरा कोनाडा, चष्मा, वाती आणि पानाचा डबा बसल्या जागी हाताला यावा असा.

‘‘किती उंच, आजी?’’

आईने हात लांब केला. तो तसाच हवेत धरून ती थांबली. मिस्त्री उकिडवा बसला, जमिनीपासून तिच्या बोटांपर्यंत दोरी धरली, आणि तेथे एक गाठ मारून ती दोरी त्याने खिशात टाकली.