दारातला उजेड

सोलापुरात वैशाखातल्या दुपारी रस्त्यावरून जुन्या घरात पाऊल टाकणाऱ्या माणसाला क्षणभर काहीच दिसत नाही. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत देवडीतील काळोख. दृष्टी सरावण्याच्या आतच पायऱ्या चढून उंबरठा ओलांडायचा असतो. वय वाढते तशी डोळ्यांची ही क्रिया मंदावते; म्हणूनच नेमक्या याच जागी आजोबांचा तोल जातो, आजींचा पाय मुरगळतो. शुक्रवार पेठ किंवा मंगळवार पेठेतील व्यापारी कुटुंबांच्या घरी दिवाणखान्याचे रूप दोनदा पालटते, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा येतो. प्रवेशाचा बोळ मात्र होता तसाच राहतो. भावाभावांत वाटणी झाली तरी देवडी सामाईक असते, आणि सामाईक जागेचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा हा प्रश्न दर दिवाळीला पुढच्या वर्षाच्या खतावणीत ओढला जातो.

हा काळोख सगळाच पूर्वजांनी ठेवलेला नाही. जाड भिंती आणि लहान झरोके त्यांनी उन्हाच्या व चोराच्या भयाने योजले, ते योग्यच होते. परंतु चौकटीवरच्या झरोक्याला प्लायवूड ठोकले, माळवदातील सवणे पत्र्याने झाकले, भिंतींना हाताचे डाग दिसू नयेत म्हणून कमरेपर्यंत गडद तेलरंग फासला, हे सारे नंतरच्या पिढ्यांचे कर्तृत्व. तेव्हा पहिले काम नवे काही आणण्याचे नाही, जुने झाकण काढण्याचे आहे. झरोक्याला काच आणि बारीक जाळी बसवली, सवण्यावर मजबूत काच घालून कडा नीट बुजवल्या, की दिवसाचा दिवा विझवता येतो. याला फारसा पैसा लागत नाही; एक गवंडी आणि एक दिवस पुरतो.

रंगाच्या बाबतीत घाई महागात पडते. जुन्या दगडमातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीतून ओल सतत बाहेर पडत असते. तिच्यावर तेलरंगाचा थर दिला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चुन्याची सफेदी अशा भिंतीला मानवते आणि उजेडही परतवते. उन्हाळ्यात मात्र भिंत आधी पाण्याने भिजवून, सकाळच्या वेळी हात द्यावा. कडक उन्हाने चुना झपाट्याने सुकला तर तो हाताला लागत राहतो. रंगाऱ्याला एक गोष्ट आवर्जून विचारावी. चुन्यात किंवा सुक्या डिस्टेंपरमध्ये बांधणीसाठी सरस घालण्याची जुनी पद्धत आहे, आणि सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. त्याऐवजी झाडाचा डिंक चालतो. मोजमापही आपल्या हाती ठेवावे. पाच फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा बोळाच्या लांबीकडील दोन भिंती २१६ चौरस फूट भरतात, छत ६०. एवढे कागदावर असले की ‘अंदाजे चारशे फूट’ असे बिल कोणी पुढे ठेवत नाही.

दाराकडे पाहताना मन घट्ट करावे लागते, कारण फ्लश डोअर विकणारा जुन्या सागवानाची जोडी ‘उचलून नेतो’ म्हणतो आणि तो उपकार वाटतो. प्रत्यक्षात व्यवहाराचा लाभ त्याच्याच पदरी पडतो. सागवानावर चढलेले रंगाचे थर काढले की खाली लाकूड बहुधा शाबूत निघते. मात्र जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो (भारतात घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली), म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये. ओले करून खरवडावे आणि त्या काळात मुलांना दूर ठेवावे. नंतर सुतार लाखेचे पॉलिश सुचवील. लाख ही किड्यांपासून मिळते व ती काढताना असंख्य जीव जातात, हे बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानीही नसते. जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात सागवानाला पुरेसे आहेत. पितळी कडी-कोयंडा चिंचेने लख्ख होतो, पण ते पाणी खाली सांडू देऊ नये.

कारण खाली शहाबादी असते. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या शहाबादची ही फरशी चुनखडीची आहे; चिंच, लिंबू, अॅसिड यांनी ती खाल्ली जाते आणि पांढरे चट्टे कायमचे राहतात. साधे पाणी, सौम्य साबण आणि फारच खडबडीत झाली असेल तर यंत्राने घासणे, एवढेच करावे. तिच्यावर गुळगुळीत टाइल चिकटवणे हा दिखाऊ आणि धोक्याचा सौदा आहे. चातुर्मासात पडगाहनासाठी कुटुंब हातात कलश घेऊन याच दारात उभे राहते. ओल्या टाइलवर अनवाणी पाऊल घसरले तर काय, याचा विचार टाइल निवडताना व्हावा.

दिव्याचा हिशेब सोपा आहे. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट लागतात. ९ वॅटच्या एलईडीला साडेसोळा. युनिटला आठ रुपये धरले तरी साडेसातशेच्या आसपास वाचतात, म्हणजे बल्बची किंमत काही महिन्यांतच वसूल. पांढऱ्या-निळसर प्रकाशाऐवजी पिवळसर घ्यावा, त्याकडे कीटक कमी झेपावतात. लाकडी पट्टीवरची जुनी वायर असेल तर दिव्याआधी ती बदलावी. मीटरची पेटी मात्र परस्पर हलवू नये. त्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो.

यातून रक्कम उरली तर भिंतीलगत एक बाकडे ठेवावे, त्यावर सोलापुरी चादरीची घडी. वृद्धांना बसून पादत्राणे काढता येतात. बाकड्याशेजारी, उंबरठ्याच्या उंचीला, भिंतीत एक भक्कम दांडा बसवावा आणि उंबरठ्याच्या कडेला फिकट रंगाची पट्टी ओढावी. हे शेवटचे काम घरातल्या मुलांकडून एका रविवारी होण्यासारखे आहे. भावांची संमती मिळेपर्यंत ते थांबवून ठेवण्याचे कारण नाही.