त्या दोघांना बसू द्या

रविवारी सकाळी विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलमधून सफाळ्याला काही जोडपी उतरतात. एप्रिल २०१३ मध्ये ही लोकल सुरू झाली आणि आपली किनारपट्टी मुंबईच्या तरुण पोरांच्या आवाक्यात आली. बरेचजण केळव्याला जातात. ज्यांना गर्दी नको असते ते एसटी नाहीतर टमटम धरून एडवण, कोरे करत थेट दातिवरेपर्यंत येतात. वैतरणेच्या मुखाशी, समोरचा अर्नाळा बघत वाळूत बसतात. तिच्या तोंडाला ओढणी बांधलेली असते. उन्हं उतरली तरी ती ओढणी सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जोडप्याभोवती चार पोरं उभी असलेली मी पाहिली. एकाच्या हातात मोबाईल होता आणि कॅमेरा चालू होता. दुसरा विचारत होता, "लग्न झालंय का? मग हिच्या बापाचा नंबर दे." त्या मुलानं पाकिटातून नोटा काढून दिल्या. मुलगी काहीच बोलत नव्हती, तिनं दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरली होती. मी पोचले तेव्हा ती पोरं मला म्हणाली, "काकू, तुम्ही मध्ये पडू नका, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे." तो किनारा कुठल्या गावचा आणि ती पोरं कुठली, हे मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण असं होताना बघून मान फिरवणारे आपण सगळीकडेच आहोत. ती दोघं जवळजवळ धावतच रस्त्याकडे गेली. त्यांची एक चप्पल वाळूत राहिली होती.

गावाच्या इज्जतीसाठी घेतलेले ते पैसे गावाच्या कुठल्या कामाला आले, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मी हे लिहितेय ते आपल्या किनाऱ्यावरच्या घरांसाठी. आईबापांसाठी, पोरांसाठी, ज्यांचं कॉटेज किंवा लॉज आहे त्यांच्यासाठी. विषय आपल्याकडे मोठ्यानं बोलायचा नाही असं ठरलेलं आहे. बाईला पुरुष हवासा वाटणं, पुरुषाला बाई हवीशी वाटणं, काहींना आपल्यासारखंच माणूस हवंसं वाटणं, हे सगळं आपण एका शब्दात गुंडाळतो: 'लफडं'. लग्न झालं की तीच गोष्ट 'संसार' होते. मधल्या काळात, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षापासून लग्नापर्यंत, या ओढीचं काय करायचं, हे आपल्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. दोन खोल्यांचं घर, त्यात आजी, काका, भावंडं. बोलायला जागा नाही, भेटायला जागा नाही. म्हणून ती दोघं दोन तासांचा प्रवास करून आपल्या वाळूत येऊन बसतात.

आपल्याच किनाऱ्यावर, जरा दक्षिणेला, ऑगस्ट २०१५ मध्ये काय झालं ते आठवा. मढ आणि अक्सा इथल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे चाळीस जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढून ठाण्यात नेलं. सज्ञान माणसं, पैसे देऊन घेतलेली खोली, आतून लावलेली कडी. तरीही गुन्हा लावला तो सार्वजनिक ठिकाणी असभ्य वागण्याचा, आणि दंड घेतला बाराशे रुपये. काहींना घरी फोन करायला लावलं. पुढे ओरड झाली, पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली. पण ज्या मुलीच्या घरी त्या दिवशी फोन गेला, तिच्या घरात त्यानंतर काय घडलं असेल, ते कुठल्याही चौकशीत येत नाही. बाराशे रुपये भरून सुटका होते ती फक्त ठाण्यातून.

कायद्याचं म्हणणं सरळ आहे. अठरा वर्षांवरच्या दोन माणसांनी स्वखुशीनं एकत्र येणं, लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. लग्न न झालेल्या सज्ञान स्त्री-पुरुषांनी हॉटेलात खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. आपल्याकडे खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दोघांची ओळखपत्रं बघा, वय बघा, नोंद करा. मंगळसूत्र बघायचं काम तुमचं नाही. उलट धमकावून पैसे काढणं ही खंडणी आहे, आणि खाजगी क्षणातल्या बाईचं तिच्या संमतीशिवाय चित्रण करणं हा गुन्हा आहे. वाळूत उभ्या असलेल्या त्या चार पोरांना वाटत होतं की कायदा त्यांच्या बाजूनं आहे. गुन्हा करत होती ती हीच पोरं.

आता 'आपली संस्कृती' असं कोणी म्हणेल. मग आपल्याच जिल्ह्यातलं बोलू. रेल्वेच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला वारली आदिवासींचे पाडे आहेत. तिथं मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहू लागतात. पंगतीचे पैसे जमले की लग्न, कधी तर पोरंबाळं झाल्यावर. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. नाहीच पटलं तर वेगळं होता येतं, विधवेला दुसरं घर करता येतं. आपण किनाऱ्यावरची माणसं याला अडाणीपणा म्हणत आलो. पण लग्नाचा खर्च मोठा करणाऱ्या जगानं त्याच वारल्यांचं काय केलं? लग्नासाठी सावकाराकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी नवराबायकोनं त्याच्या शेतावर वर्षानुवर्षं राबायचं. त्याला 'लग्नगडी' असं नाव होतं. जमीनदार वारली बायकांवरही हक्क सांगायचे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात १९४५ नंतरच्या तलासरी-उंबरगाव भागातल्या वारल्यांच्या उठावाची हकीकत सांगताना हे सगळं लिहिलं आहे. जमीनदाराला तेव्हा कोणी इज्जत विचारली नाही. इज्जत विचारली जाते ती नेहमी ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला, आणि त्यातही आधी बाईला.

वारल्यांकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. तिथंही पोरी फार लहान वयात बाळंत होतात. आणि आता त्यात कायद्याचा वेगळा पेच आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या होकाराला कायद्यात किंमत नाही. सतरा वर्षांच्या पोरीला बाळंतपणाला दवाखान्यात नेलं, कागदावर वय दिसलं, की डॉक्टरला कळवणं भाग आहे आणि बाळाच्या बापावर पॉक्सोचा, म्हणजे अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराचा, गुन्हा दाखल होतो. मला हा कायदा अशा जोडप्यांच्या बाबतीत कठोर वाटतो. पण आज तो असा आहे, आणि प्रत्येक मुलाला तो घरातून कळला पाहिजे. पोलिसांकडून कळतो तोवर फार उशीर झालेला असतो.

घरातून कळणं, इथंच आपण अडतो. शंभर वर्षांपूर्वी रघुनाथ धोंडो कर्वे नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला हेच दिसलं होतं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजनं हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा म्हटल्यावर १९२५ मध्ये नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्या पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्याबरोबर होत्या. लोक त्यांना पत्रं लिहायचे, जे आईबापांना, डॉक्टरला विचारता येत नव्हतं ते विचारायचे. कर्वे उत्तर द्यायचे. १९३४ मध्ये खटला भरला गेला तो अशाच उत्तरांवर. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल वाचकांनी विचारलं होतं आणि कर्व्यांनी घाबरू नका असं सांगितलं होतं. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं असं होतं की लोकांनी प्रश्न विचारले आहेत, मासिक त्या विषयाचं आहे, मग उत्तर द्यायचं नाही का? खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

मला त्या दंडापेक्षा ती पत्रं जास्त बोचतात. कुठल्या कुठल्या गावांतून माणसं एका अनोळखी प्राध्यापकाला लिहीत होती, कारण घरात विचारायला कोणी नव्हतं. आज आपल्या घरातलं पोर तेच प्रश्न मोबाईलला विचारतं. तिथं त्याला जे दिसतं त्यात बाईला हवं-नको असतं याचा पत्ता नसतो. मग पोर तेच खरं धरतं. चूक त्याच्या वयाची नाही, आपण गप्प राहिलो.

म्हणून आयांनो, बापांनो, बोला. एकदाच बसवून भाषण देऊ नका. मासळी निवडताना, गाडीवरून जाताना, टीव्हीवर काही आलं तर, थोडं थोडं बोला. मुलीला पाळी आली की फक्त 'आता जपून राहा' एवढंच सांगून थांबू नका. मूल कसं राहतं आणि कसं टाळता येतं, हेही सांगा. मुलाला सांगा की रात्री होणारा स्वप्नदोष हा दोष नाही, हस्तमैथुनानं ताकद जात नाही, आणि भिंतीवर जाहिरात करणाऱ्या हकिमाला पैसे द्यायची गरज नाही. आणि हे नक्की सांगा: ती 'नको' म्हणाली, गप्प राहिली, किंवा आधी 'हो' म्हणून मग थांब म्हणाली, तर थांबायचं. लग्न झालेल्या बाईलाही 'आज नको' म्हणता आलं पाहिजे. आठ दिवसांनी होडी बंदराला लागते तेव्हा घरी वाट बघणाऱ्या बाईचंही काही मन असतं, तिलाही कधी हवं असतं आणि कधी नको असतं. ते विचारणारे नवरे आहेत. अजून हवेत.

निरोध उपकेंद्रात फुकट मिळतो. तो आणायला गेलेल्या पोराकडे बघून हसू नका, तो शहाणपणा करतोय. निरोध वापरायचा राहून गेलाच तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, जितकी लवकर तितकी बरी. दिवस गेले असतील तर चोरून आणलेल्या गोळ्या खाऊ नका, रक्तस्राव थांबला नाही तर जीव जातो. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची, बापाची, कोणाचीच परवानगी लागत नाही, तिची स्वतःची सही पुरते. लग्न झालेलं नसलं तरी हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट सांगितलं. डॉक्टरनं तिचं नाव गुप्त ठेवायचं आहे. हे तिला माहीत नसतं, म्हणून ती कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी माणसाकडे जाते.

आणखी एक, कारण ते कोणी बोलत नाही. तुमचा मुलगा मुलीला बघायला तयार होत नसेल, मुलगी लग्नाचं नाव काढलं की जेवण टाकत असेल, तर जबरदस्तीनं अक्षता टाकू नका. आपल्यासारख्याच माणसावर प्रेम असणं हा सप्टेंबर २०१८ पासून या देशात गुन्हा नाही, आणि आजार तर तो कधीच नव्हता. जबरदस्तीच्या लग्नात पोराबरोबर परक्याची पोरही फसते.

जी पोर आपल्याला भिते, ती संकटात आपल्याकडे येत नाही, हे मी आयुष्यात पुन्हा पुन्हा पाहिलं. मारणाऱ्या माणसाबरोबर राहणाऱ्या बायका मी पाहिल्या, ज्यांना माहेरी परत जाता येत नव्हतं, कारण जाताना 'आता तू आम्हाला मेलीस' हे वाक्य ऐकून त्या निघाल्या होत्या. तिची निवड तुम्हाला पटली नाही तर नका पटवून घेऊ. भांडा, अबोला धरा. पण दार उघडं आहे, रात्री दोनला आलीस तरी उघडं आहे, हे वाक्य त्या भांडणातच तिला सांगून ठेवा. तिला त्याची गरज कधीच पडली नाही तर बरंच आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं. एका गावानं पुढाकार घेतला आणि राज्यभर चर्चा झाली. आपल्यालाही ग्रामसभा आहेत. दातिवरे, कोरे, मथाणे, एडवण, केळवे, माहीम, सातपाटी, प्रत्येक गावात येत्या ग्रामसभेत एकच ठराव मांडा: आमच्या किनाऱ्यावर बसलेल्या कुठल्याही जोडप्याला कोणी अडवणार नाही, त्यांचं चित्रण करणार नाही, त्यांच्याकडून पैसे घेणार नाही, आणि असं करताना कोणी दिसलं तर गाव ११२ला फोन करेल. सूचक म्हणून बाईनं उभं राहावं, अनुमोदन तरुण पोरानं द्यावं. माझ्या गावात मी उभी राहीन. तुमच्या गावात तुम्ही राहा.